जिम ग्रे: ‘रोलबॅक’मागचा माणूस

चाकणमधल्या एका छोट्या मशीन शॉपचं स्टोअर आणि जॉबवर्क चलानांचं सॉफ्टवेअर मी त्यांच्याच ऑफिसातल्या सर्व्हरवर सांभाळतो. गुरुवारी सुट्टी, म्हणून अपग्रेड बुधवारी रात्री. अशाच एका बुधवारी डेटाबेसचं मायग्रेशन मध्येच थांबलं. काही टेबलं नव्या रचनेत, काही जुन्याच. सॉफ्टवेअर ना जुन्या व्हर्जनने उघडे, ना नव्या. काही बिघडलंच तर रोलबॅक होईल, असं मी गृहीत धरलं होतं. त्यानंतर ही रोलबॅकची कल्पना पक्की करणाऱ्या माणसाबद्दल वाचायला लागलो.

जिम ग्रे यांचा जन्म १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोमधला. १९६९ मध्ये त्यांनी बर्कलेहून कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी घेतली. तिथल्या त्या विभागाची ही पहिलीच पीएचडी. सत्तरच्या दशकात ते आयबीएमच्या सॅन होजेमधल्या संशोधन केंद्रात ‘सिस्टम आर’ या डेटाबेसवर काम करत होते. एसक्यूएलसुद्धा तिथलंच.

त्यांच्यासमोरचा प्रश्न आपल्या भाषेत असा: स्टोअरमधून ५० बुश वजा झाले आणि चलानावर चढायच्या आत लाईट गेली. मग ते बुश आहेत कुठे? ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं उत्तर म्हणजे ट्रान्झॅक्शन. दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही नाही. त्यासाठी बदल आधी लॉगमध्ये लिहायचा, मग खऱ्या डेटात. मशीन परत सुरू झालं की लॉग वाचून अर्धवट काम पुसायचं. तुमच्या फोनमधल्या बऱ्याच ॲप्सच्या पोटात आजही हेच चालतं.

१९८० मध्ये ते टँडममध्ये गेले. ही कंपनी बंद न पडणारी मशीन बनवायची. तरी ती बंद का पडतात, याचा त्यांनी हिशोब मांडला. १९८५ च्या त्या अहवालात हार्डवेअरचा वाटा फक्त १८ टक्के निघाला, सॉफ्टवेअरचा २५, आणि चालवणाऱ्यांचा, म्हणजे देखभाल, सेटिंग, हाताळणी यांचा ४२ टक्के! नवी किंवा नुकतीच बदललेली यंत्रणा जास्त बिघडते, म्हणून ज्या दुरुस्तीची खरंच गरज आहे तेवढीच टाका, असा त्यांचा सल्ला होता. आज इंटरनेटला जोडलेल्या सर्व्हरवर तो जसाच्या तसा पाळता येत नाही, सिक्युरिटी अपडेट टाकावेच लागतात. पण त्या ४२ टक्क्यांत मी होतो, हे नक्की.

माझी चूक साधी होती. मारियाडीबीमध्ये टेबलाची रचना बदलणारी कमांड चालली की तोवरचं सगळं आपोआप पक्कं होतं, रोलबॅकला काही उरत नाही. पोस्टग्रेसमध्ये असे बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनच्या आत करता येतात. मी वापरत होतो मारियाडीबी, आणि शेवटचा बॅकअप रविवारचा. गुरुवारी सुट्टीच्या दिवशी मालकांचा पुतण्या आणि मी चलानबुक उघडून तीन दिवसांच्या नोंदी हाताने भरल्या. दोन चलानं तरी जुळली नाहीत. आता बॅकअप आधी दुसऱ्या मशीनवर उतरवतो, मायग्रेशन तिथे चालवतो, स्टॉक आधीच्याशी जुळवून बघतो. बुधवारी अपग्रेडच्या आधी ताजा बॅकअप घेतल्याशिवाय खऱ्या सर्व्हरला हात लावत नाही.

ग्रे १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले. १९९८ मध्ये त्यांच्या टीमने ‘टेरासर्व्हर’वर पृथ्वीचे उपग्रहातून आणि विमानातून घेतलेले फोटो कोणालाही बघायला खुले केले. गुगल अर्थच्या कितीतरी आधी. त्याच वर्षीचा ट्युरिंग पुरस्कारही त्यांना मिळाला.

२८ जानेवारी २००७ ला ते आईच्या अस्थी विसर्जित करायला शिडाच्या बोटीतून फॅरालॉन बेटांकडे एकटेच निघाले आणि परतलेच नाहीत. तटरक्षक दलाने समुद्र पालथा घातला. मित्रांनी उपग्रहाचे ताजे फोटो मिळवले, आणि हजारो अनोळखी लोकांनी घरबसल्या त्यात बोटीचा ठिपका शोधला. काहीच सापडलं नाही. २०१२ मध्ये कोर्टाने त्यांना मृत घोषित केलं.