पाण्याच्या वाट्याचा शिल्पकार

नगर जिल्ह्यात पाटाचे आवर्तन लांबले की दरवर्षी एकच दृश्य दिसते. कालव्याच्या मुखाशी ऊस डोलत असतो आणि शेपटाकडच्या गावांत ज्वारी करपत असते. अशा वेळी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे स्मरण करणे उचित ठरेल. परंतु ते धरणे बांधणारा अभियंता म्हणून नव्हे, तर पाण्याची वाटणी करणारा न्यायी पुरुष म्हणून.

म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात जन्मलेला हा तरुण पुण्यात अभियांत्रिकी शिकला आणि 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाला. उमेदवारीच्या दिवसांत नाशिक व खानदेशात त्याने काम केले. तेथे पांझरेच्या खोऱ्यात शेतकऱ्यांची फड पद्धत पूर्वापार चालत आली होती. एका फडात एकच पीक, आणि पिकांची पाळी दरसाल फडाफडांतून फिरती, असा तिचा दंडक होता.

पुढे नीरा कालव्यावर त्यांना पाण्याची विषम वाटणी आढळली. मुखाजवळचे बागायतदार उसाला हवे तितके पाणी घेत. खालची गावे कोरडीच राहत. यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुचविली. पाण्याचे क्षेत्र अनेक गावांत विभागावे, प्रत्येक गटात सुमारे तिसरा हिस्साच उसाला द्यावा, उरलेल्यात कमी पाण्याची पिके घ्यावीत व उसाची जागा पाळीपाळीने बदलावी, अशी ही योजना होती. ज्यांचा वाटा घटणार होता, त्यांना ती रुचली नाही, यात नवल नाही. तरीही ती टिकली आणि दख्खनच्या इतर कालव्यांवरही पसरली.

1908 मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. 1912 ते 1918 या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. 1955 साली भारतरत्न हा किताब त्यांना मिळाला व 1962 मध्ये, शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

2005 च्या राज्य कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. पण नगरकरांची अडचण दुहेरी आहे. प्रवरेच्या शेपटाकडचा शेतकरी मुखाकडे न्याय मागतो. जायकवाडीखालचा मराठवाडा तोच न्याय नगर-नाशिककडे मागतो. जो नियम आपण वरच्याला लावतो, तो खालच्याने मागितला असता नाकारणे शोभणारे नाही. भिंत बांधून पाणी अडते. ते सर्वांपर्यंत पोहोचण्यासाठी मात्र वरच्याने आपला हात आवरावा लागतो.