बटाटा, वाल आणि नीरा

चंद्रपूर-गडचिरोलीकडे थंडीत पोपटीच्या शेंगा बाजारात आल्या की घरोघरी दाण्यांची आमटी रटरटू लागते. मुंबईकडे ज्याला वाल म्हणतात, त्याच कुळातले हे दाणे. ते नीट शिजवावेत हे घरातल्या आजीला कुणी सांगावे लागत नाही. पण का शिजवावेत? कच्च्या दाण्यातली काही प्रथिने आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडवून धरतात, तर काही रक्तातल्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवतात. उष्णतेने त्यांचा जोर मोडतो. भाज्या-कडधान्यांतल्या अशा प्रथिनांचा मुंबईच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो डॉ. कमला सोहोनी यांनी.

त्या माहेरच्या भागवत. जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले. थोरली बहीण दुर्गा मध्य भारतातल्या गोंडांच्या कथा-गीतांचा माग काढत रानावनात हिंडली. धाकटीने परीक्षानळी हाती धरली. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आलेली ही मुलगी वडिलांच्याच संस्थेत जाणार, यात घरी कुणाला शंका नव्हती.

शंका होती ती संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांना. मुलगी आहे, एवढ्या एका कारणावरून त्यांनी अर्ज फेटाळला. कमला बंगलोरला गेली, रामनांच्या दारात ठाण मांडून बसली आणि प्रवेश घेऊनच उठली. पण अटी कोणत्या? पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही, मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करायचे आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडवायचे नाही! नोबेल मिळालेला एवढा थोर माणूस, पण हा डाग त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही. कमलाने अटी मान्य केल्या आणि अपमान लक्षात ठेवला. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक मात्र कडक असले तरी मोकळ्या मनाचे निघाले. दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर तिने काम केले. वर्षभराने रामनांचे मत बदलले आणि संस्थेचे दार पुढच्या मुलींसाठी उघडले.

१९३७ साली ती केंब्रिजला पोहोचली. जीवनसत्त्वांसाठी नोबेल मिळवलेल्या हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत जागा नव्हती. डेरेक रिक्टर यांनी दिवसा आपले टेबल तिला दिले. रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत, असे सांगतात. पुढे रॉबिन हिल यांच्याकडे बटाट्यावर काम करताना तिला वनस्पतीच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ सापडले. प्राणी आणि यीस्ट यांच्या श्वसनात हे प्रथिन काम करते. वनस्पतीही त्याच पंक्तीतल्या. १९३९ साली अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर तिला पीएच.डी. मिळाली. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असे त्यांना सर्रास म्हटले जाते. वास्तविक वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ सालीच मिळाली होती. कमलाबाईंचे मोठेपण पहिल्या क्रमांकावर अवलंबून नाही.

त्या बटाट्यातल्या प्रथिनाची कथा पुढे फारच रंगत गेली. उष्णता, विष, अतिनील किरण असा काही ताण आला की माणसाच्या पेशीत ‘काइनेज’ नावाची प्रथिने एकामागून एक जागी होतात. प्रत्येक काइनेज पुढच्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक कण चिकटवते; तीच निरोपाची खूण. ताण हाताबाहेर गेला, तर ‘जेएनके’सारखी काइनेजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्राची भिंत ढिली होण्याला हातभार लावतात, आतले सायटोक्रोम सी बाहेर पडते आणि पेशी स्वतःला संपवते. सायटोक्रोम सीची ही दुसरी बाजू अमेरिकेत १९९६ साली उजेडात आली. आज माणसाचा जनुक जिवाणूत घालून अशी काइनेजे तयार करतात आणि संशोधनासाठी इवल्याशा कुपीतून विकतात. कमलाबाईंच्या वेळी मात्र किलोकिलोने बटाटे हाच कच्चा माल!

परदेशात राहणे त्यांना सहज शक्य होते. त्या १९३९ सालीच परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर मुंबईचे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. इथेच वाल-कडधान्यांचे काम झाले, आणि नीरेचेही.

नीरा तपासावी, ही सूचना राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांची. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, सिरोंच्याकडे ताडाची झाडे दिसतात. पहाटे उतरलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा, आणि ऊन चढले, रस आंबला की तीच ताडी. एकाच मडक्यात सकाळी पोषण आणि दुपारी नशा! कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रसातली जीवनसत्त्वे आणि लोह मोजले. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारलेली दिसली. रानातल्या माणसाला औषधाच्या दुकानापर्यंत जावे न लागता स्वस्तात काय देता येईल, हा प्रश्न त्यामागे होता. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

संस्थेचे संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणापायी चार वर्षे लांबले. अखेर मिळाले, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली, त्यांत त्या होत्या. भेसळ ओळखण्याच्या घरगुती युक्त्या त्या गृहिणींना शिकवीत, संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात लिहीत.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. सभागृह टाळ्या वाजवत असताना त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. दुर्गाबाई त्यांच्यानंतर आणखी चार वर्षे होत्या.