डॉ. जिचकार आणि मधल्या वेळचे खाणे

काटोलजवळच्या गावात १९५४ साली जन्मलेले डॉ. श्रीकांत जिचकार आठवतात ते पदव्यांमुळे. एमबीबीएस, एमडी, कायदा, कितीतरी एमए. आयपीएस आणि आयएएसही. १९८० मध्ये पंचविशीतच आमदार.

त्यांच्या आहारविषयक व्याख्यानांची आठवण मात्र कमी निघते. खाल्ले की इन्शुलिन स्रवते आणि ते वाढलेले असेपर्यंत शरीर साठवलेल्या चरबीला फारसा हात लावत नाही, हा त्यांचा मुद्दा. म्हणून कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवा. वजनकाटा नको, महागडे पदार्थ नकोत. मंठ्याच्या आठवडी बाजारातली ज्वारी, डाळ, भाजी पुरते. अवघड जाते ते चहासोबतचे बिस्किट अन् येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा सोडणे. शरीराच्या हिशेबी तेही खाणेच.

मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांकडून मात्रा ठरवल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकाएकी उतरून बेशुद्धीही येते. गर्भवतींनी तर हा प्रयोग नकोच.

२ जून २००४ रोजी नागपूरजवळ मोटार अपघातात जिचकार गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी हाच विचार गावोगावी नेला, जिचकारांचे ऋण मानून.