वर्धा ते चापिंगो : परक्या भूमीने नाकारलेले आणि परक्याच भूमीने आपले मानलेले डॉ. पांडुरंग खानखोजे

वेलचेरी (चेन्नई) : चेन्नई महानगराच्या दक्षिणेकडील वेलचेरी ही माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्यांची गजबजलेली वस्ती. एका बाजूला भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयआयटी मद्रासचे, वृक्षाच्छादित आवार, तर दुसऱ्या बाजूला तारामणि. या परिसरातून दरवर्षी कितीतरी तरुण उच्च शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी अमेरिकेची वाट धरतात. व्हिसाचे नियम, परक्या समाजातील वागणूक आणि तेथे रुजण्याची धडपड हे येथील घराघरांतील चर्चेचे विषय आहेत. याच तारामणित एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान १९८८ पासून कार्यरत आहे. स्वामिनाथन आणि नॉर्मन बोरलॉग यांच्या प्रयत्नांतून मेक्सिकोतील बुटक्या गव्हाचे बियाणे भारतात आले आणि १९६६ मध्ये त्याची सुमारे १८ हजार टनांची आयात झाली, हे सर्वश्रुत आहे. मात्र बोरलॉग १९४४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले, त्याच्या वीस वर्षे आधीपासून वर्ध्याचा एक मराठी माणूस तेथील कृषी विद्यालयात पीकशास्त्र शिकवत होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. तो माणूस म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्णभेदाने नाकारलेल्या आणि तरीही परक्या देशात पाय रोवून उभ्या राहिलेल्या स्थलांतरिताचे जीवन कसे असते, याचे त्यांचे चरित्र हे एक विलक्षण उदाहरण आहे.

वर्ध्यातून सागरापार

खानखोजे यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८४ रोजी वर्धा येथे झाला. वर्धा आणि नागपूर येथे शिक्षण घेत असतानाच त्यांच्या मनावर लोकमान्य टिळकांच्या विचारांचा खोल ठसा उमटला. वऱ्हाड-मध्य प्रांतातील दुष्काळ आणि शेतकऱ्यांची दैना त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. परकी सत्ता उलथून टाकावयाची असेल तर युद्धविद्या शिकली पाहिजे आणि ती भारतात शिकता येणार नाही, या निष्कर्षाप्रत ते आले. टिळकांच्या सल्ल्याने त्यांनी जपानचा मार्ग धरला. रशियाचा पराभव केलेले जपान त्या काळी आशियातील तरुणांचे आशास्थान होते. तेथे काही काळ राहून, चिनी आणि जपानी राष्ट्रवाद्यांच्या सहवासात वावरून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. गाठीशी पैसा नव्हता. मिळेल ते अंगमेहनतीचे काम करावे आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवावा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील माउंट टॅमलपाइस लष्करी अकादमीत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले. शेतीचा ध्यासही सुटला नव्हता. पुढे ओरेगन कृषी महाविद्यालयात आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथील महाविद्यालयात त्यांनी कृषिशास्त्राचे अध्ययन केले. एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती बियाणे, अशी ही दुहेरी तयारी अखेरपर्यंत त्यांच्या जीवनाची ओळख बनून राहिली.

लाकूडगिरण्यांच्या सावलीत

खानखोजे ज्या अमेरिकेत पोहोचले, ती आशियाई माणसाचे स्वागत करणारी नव्हती. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील राज्यांत लाकूडगिरण्या, लोहमार्ग आणि फळबागा यांत काम करण्यासाठी पंजाबातून काही हजार मजूर आले होते. त्यांत बहुसंख्य शीख होते. मात्र तेथील वृत्तपत्रे आणि राजकारणी सर्वच भारतीयांचा उल्लेख हिंदू असाच करीत आणि त्यांच्या येण्याला आक्रमण म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोत १९०५ मध्ये स्थापन झालेली, पुढे आशियाई बहिष्कार संघ या नावाने ओळखली गेलेली संघटना या द्वेषाला संघटित रूप देत होती.

४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे शेकडो गोऱ्या मजुरांच्या जमावाने भारतीय कामगारांच्या खोल्यांवर हल्ला चढविला. त्यांना अंथरुणातून बाहेर ओढण्यात आले, मारहाण झाली, चीजवस्तू लुटल्या गेल्या. काही दिवसांतच एकूण एक भारतीयाने ते गाव सोडले. मार्च १९१० मध्ये ओरेगनमधील पोर्टलंडजवळच्या सेंट जॉन्स येथे असाच प्रकार घडला. कमी मजुरीत काम करून हे लोक आमचा रोजगार हिरावतात, असा आरोप होत असे. त्यांना कमी मजुरी देणारे गिरणीमालक मात्र जमावाच्या रोषातून बहुधा सुटत.

कायदाही परका होता. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाचा अधिकार केवळ स्वतंत्र गोऱ्या व्यक्तींना दिला होता आणि १८७० मध्ये तो आफ्रिकी वंशाच्या लोकांपर्यंत वाढविला गेला होता. भारतीय माणूस या दोन्हींपैकी कोणत्या वर्गात बसतो, हा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने नागरिकत्वास अपात्र ठरविलेल्या परदेशीयांना शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली. शेजारच्या कॅनडाने १९०८ मध्ये थेट प्रवासाची अट घालून भारतीयांसाठी दार जवळजवळ बंद केले. १९१४ मध्ये कोमागाटा मारू जहाजावरील ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरातूनच परतावे लागले, ते याच नियमामुळे.

या वातावरणात विद्यार्थी आणि मजूर यांच्यातील अंतर मिटले. एरवी वर्ध्याचा सुशिक्षित मराठी तरुण आणि जालंधर-होशियारपूरचा शेतकरी यांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. भाषा निराळी, धर्माचार निराळा, अन्न निराळे. परंतु गावाबाहेर हाकलणाऱ्या जमावाच्या लेखी या भेदांना काही अर्थ नव्हता. खानखोजे मजुरांच्या वस्त्यांत जाऊन राहू लागले. त्यांच्याबरोबर काम करता करता त्यांनी एक गोष्ट त्यांच्या मनावर बिंबविली. चिनी मजुरावर अन्याय झाला तर त्याचा देश तक्रार करतो, जपानी मजुराच्या पाठीशी त्याचे सरकार उभे राहते. भारतीयांच्या पाठीशी उभे राहील असे सरकारच नाही, कारण त्यांचा देश स्वतंत्र नाही. परदेशातील अपमानाचे मूळ स्वदेशातील पारतंत्र्यात आहे, हा विचार मजुरांना अनुभवाने पटत होताच.

गदरची उभारणी

पोर्टलंड परिसरात पंडित काशीराम यांच्यासह खानखोजे यांनी भारतीयांची संघटना बांधण्यास आरंभ केला. अशाच लहानमोठ्या प्रयत्नांतून १९१३ मध्ये प्रशांत किनाऱ्यावरील हिंदी संघ उभा राहिला. सोहनसिंग भकना हे अध्यक्ष, लाला हरदयाळ हे सरचिटणीस आणि काशीराम हे कोषाध्यक्ष होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून गदर हे पत्र निघाले आणि संघटनेलाही तेच नाव चिकटले. सैनिकी तयारीची बाजू प्रामुख्याने खानखोजे यांच्याकडे होती. याच चळवळीत तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हे आणखी एक मराठी तरुण होते. पिंगळे, काशीराम आणि कर्तारसिंग सराभा यांना १९१५ मध्ये लाहोर येथे फाशी देण्यात आले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर खानखोजे तुर्कस्तानमार्गे इराणमध्ये गेले. तेथील टोळ्यांना हाताशी धरून इंग्रज फौजांशी गनिमी लढा देत बलुचिस्तानच्या दिशेने भारतात शिरावे, अशी ती योजना होती. ते जखमी झाले, पकडले गेले, निसटले. सूफी अंबाप्रसाद यांच्यासारखे सहकारी त्या भूमीवरच कामी आले. युद्ध संपले, योजना फसली आणि मायदेशाची वाट बंद झाली. बर्लिनमध्ये वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आणि मद्रासचे एम. पी. टी. आचार्य यांच्यासारखे देशत्यागी क्रांतिकारक ज्या वर्तुळात वावरत होते, त्याच वर्तुळात तेही काही काळ होते. १९२१ मध्ये ते मॉस्कोलाही जाऊन आले. या सर्वांची स्थिती सारखीच होती. ज्या देशासाठी लढायचे तेथे प्रवेश नाही आणि ज्या देशात राहायचे तेथे अधिकार नाही.

मेक्सिकोतील दुसरा जन्म

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत दाखल झाले. अमेरिकेत असतानाच मेक्सिकन क्रांतीतील मंडळींशी त्यांचा परिचय झाला होता. त्या ओळखी आता उपयोगी पडल्या. मेक्सिको शहराजवळ टेक्सकोको येथील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. वयाची चाळिशी गाठलेल्या या माणसाने स्पॅनिश भाषा आत्मसात केली आणि शिकविण्यास आरंभ केला.

ज्या काळात ते मेक्सिकोत स्थिरावत होते, त्याच काळात अमेरिकेतील भारतीयांवर मोठा आघात झाला होता. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय हे कायद्याच्या अर्थाने गोरे नसल्याने नागरिकत्वास अपात्र आहेत, असा निर्णय दिला. त्यानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांचेही ते काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. नागरिकत्व आणि त्याबरोबर मालमत्ता गमावलेल्या सॅन फ्रान्सिस्कोतील वैष्णोदास बगई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. सखाराम गणेश पंडित या वकिलांनी मात्र आपले नागरिकत्व न्यायालयात लढून टिकविले.

मेक्सिकोत खानखोजे यांना निराळा अनुभव आला, त्यामागे तेथील परिस्थिती होती. १९१७ च्या राज्यघटनेने जमीनदारांच्या जमिनी गावांना परत देण्याचा मार्ग खुला केला होता. जमीन मिळालेल्या आदिवासी शेतकऱ्यांना बी-बियाणे, माती आणि पाणी यांचे ज्ञान देणारे शिक्षक हवे होते. शिवाय क्रांतीनंतरचा मेक्सिको आपल्या मूळ रहिवाशांच्या वारशाचा अभिमान मिरवू लागला होता. सावळ्या वर्णाचा, साम्राज्याविरुद्ध लढलेला आणि शेतकऱ्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणारा हा प्राध्यापक त्या वातावरणात परका वाटला नाही.

तथापि मेक्सिको वंशद्वेषापासून मुक्त होता असे मानणे चुकीचे ठरेल. उत्तरेकडील सोनोरा राज्यातून १९३१ मध्ये चिनी कुटुंबांना हुसकावून लावण्यात आले. दुकानदारीत स्थानिकांचे स्पर्धक मानल्या गेलेल्या चिनी माणसाला जे भोगावे लागले, ते शिक्षक म्हणून आलेल्या भारतीयाच्या वाट्याला आले नाही. यजमान समाज स्थलांतरिताकडे स्पर्धक म्हणून पाहतो की सहकारी म्हणून, यावर किती अवलंबून असते, याचा हा बोलका पुरावा आहे.

मका, भिंत आणि भाकरी

खानखोजे यांनी वर्गाच्या चार भिंतींत स्वतःला कोंडून घेतले नाही. शेतकरी संघटनांच्या साहाय्याने त्यांनी शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. त्यांत शुल्क नव्हते आणि पदवीची अटही नव्हती. अशा एका शाळेला शेतकरी क्रांतीचे नेते एमिलियानो झपाटा यांचे नाव देण्यात आले. दुसरीकडे मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर त्यांचे प्रयोग सुरू होते. मक्याच्या रानटी नातलगांशी संकर करून काय साधता येईल, याचाही त्यांनी अभ्यास केला. ग्रानादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मक्यावरील त्यांचा ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. मका हे मेक्सिकोचे केवळ पीक नव्हे, ते तेथील देवतांचे दान मानले जाते. त्या पिकावर संशोधन करण्याचे काम एका परदेशीयावर सोपविले गेले, यातच त्या समाजाचा विश्वास दिसून येतो.

इटालियन छायाचित्रकार टिना मोडोट्टी यांनी त्यांच्या शेतीप्रयोगांची छायाचित्रे घेतली. जगविख्यात चित्रकार दिएगो रिव्हेरा हे त्यांचे स्नेही होते. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिव्हेरा यांनी काढलेल्या भित्तिचित्रांपैकी एकाचा विषय रोजची भाकरी हा आहे. मेजाभोवती बसलेल्या माणसांमध्ये भाकरी मोडणारी जी मध्यवर्ती आकृती दिसते, ती खानखोजे यांची आहे. अमेरिकेत ज्यांच्या जातभाईंना ताटावरून उठवून गावाबाहेर काढले गेले, त्या माणसाला शेजारच्या देशाने आपल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर अन्नदात्याच्या जागी बसविले.

१९३६ मध्ये त्यांनी मूळच्या बेल्जियमच्या जीन सिंडिक यांच्याशी विवाह केला. सावित्री आणि माया या त्यांच्या दोन कन्या. मेक्सिकोत जन्मलेल्या मुलींना दिलेली ही नावे पाहिली, तर बाहेरून पूर्ण मिसळून गेलेल्या या माणसाच्या घरात वर्धा अजून शिल्लक होते, असे म्हणावे लागते.

स्वदेशाचे बंद दार

१९४६ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला. भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकार मिळाला आणि वर्षाला शंभर स्थलांतरितांची मर्यादा ठरली. तोवर खानखोजे यांनी साठी ओलांडली होती आणि त्यांना ओढ होती ती मायदेशाची. १९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, परंतु इंग्रज सरकारने त्यांच्यावर घातलेली प्रवेशबंदी कागदोपत्री तशीच राहिली होती. त्यामुळे ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी त्यांनी उभे आयुष्य वेचले, त्या स्वतंत्र देशाच्या सरकारने आरंभी त्यांचा व्हिसा नाकारला. पुढे तो निर्णय फिरविण्यात आला. तब्बल चार दशकांनंतर ते उघडपणे भारतात येऊ शकले. कालांतराने कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले आहे. २०२२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगो विद्यापीठात खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. चापिंगोपासून जवळच, त्याच टेक्सकोको भागात, मका आणि गव्हावर काम करणारे आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आज उभे आहे. तेथील आणि तारामणिसारख्या ठिकाणचे कृषिशास्त्रज्ञ आज पारपत्र घेऊन एकमेकांच्या देशांत सहज ये-जा करतात. खानखोजे यांना हा प्रवास पूर्ण करण्यास जवळजवळ एक आयुष्य लागले.