गॅपवाला विद्यार्थी

ॲडमिशनच्या फाइलमध्ये टी.सी., मार्कशीट, जातीचा दाखला यांच्यासोबत काही जणांना आणखी एक कागद जोडावा लागतो. गॅपचं ॲफिडेव्हिट. मधली वर्षं कुठे होतो, काय करत होतो, ते लिहून द्यायचं. आपल्या गोंदिया जिल्ह्यात हा कागद काही नवलाचा नाही. रोवणीला घरी माणूस कमी पडतो, वडील आजारी पडतात, पुढची शाळा गावापासून लांब असते, आणि पोरगं थांबतं. एक वर्ष म्हणता म्हणता तीन होतात. आमच्या होस्टेलातही असे दोघे-तिघे आहेत. मेसमध्ये त्यांना सगळे 'काका' म्हणतात. ते हसतात खरे, पण त्यांना ते फार आवडत असेल असं मला वाटत नाही. म्हणून या अंकासाठी मी अशाच एका 'काकां'वर लिहायचं ठरवलं. सगळा महाराष्ट्र त्यांना पुढे अण्णा म्हणू लागला. धोंडो केशव कर्वे.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, कोकणातल्या शेरवलीचा. घर मुरूडला, दापोलीजवळ समुद्राकाठी. वडील तुटपुंज्या पगारावर कारकुनी करायचे. पंधराव्या वर्षी मुलाचं लग्नही होऊन गेलं. त्या काळी मराठी सहावीची परीक्षा पास झाली की सरकारी नोकरीचं, मास्तरकीचं दार उघडायचं. १८७५ साली ही परीक्षा द्यायला अण्णा आणि त्यांचे सोबती मुरूडहून साताऱ्याला निघाले. पायी! शंभर मैलांहून जास्त अंतर, मध्ये सह्याद्रीचे घाट आणि वरून पाऊस. आपण गोंदियाहून नागपूरला रेल्वेने जातो आणि सीट मिळाली नाही तरी कुरकुरतो.

साताऱ्याला पोचल्यावर काय झालं? परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण हवी होती. अण्णांची ती झालेली होती, पण अंगकाठी लहान. कमिटीला हा मुलगा सतराचा वाटलाच नाही. परीक्षेला बसू दिलं नाही, आणि अण्णा आले तसे परत गेले. अभ्यास तयार, वय बरोबर, फक्त चेहरा लहान. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत वाईट वाटण्यासारखी गोष्ट आहे, कारण तिच्यात त्यांचा काहीच दोष नव्हता.

पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन त्यांनी तीच परीक्षा दिली आणि पास झाले. इथे बहुतेक जण थांबले असते. मास्तरकी मिळाली असती, घर चाललं असतं. पण अण्णांना इंग्रजी शिकायची ओढ लागली होती. आपल्याहून लहान मुलांच्या सोबत बसून ए-बी-सी-डीपासून सुरुवात. मग रत्नागिरीच्या हायस्कुलात गेले, तर तब्येत बिघडली आणि घरी परतावं लागलं. पुन्हा गॅप! त्यानंतर मुंबई गाठली, रॉबर्ट मनी शाळेत नाव घातलं, शिकवण्या करून खर्च भागवला, आणि १८८१ साली मॅट्रिक झाले. वय तेवीस.

तेविसाव्या वर्षी आपल्याकडे पोरं डिग्री घेऊन कॅम्पस इंटरव्ह्यूच्या रांगेत असतात. अण्णा तेव्हा कॉलेजात ॲडमिशन घेत होते. आधी विल्सन कॉलेज, मग एल्फिन्स्टन. १८८२ च्या जानेवारीत मुलगाही झाला, रघुनाथ. हेच पुढे संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे. म्हणजे अण्णा बापही होते आणि विद्यार्थीही. विषय गणित. (आपल्या एम-थ्रीवाल्यांनी इथे नमस्कार करावा.)

आता खरी गंमत. एल्फिन्स्टनमधून १८८४ सालीच आणखी एक विद्यार्थी बी.ए. झाला, गोपाळ कृष्ण गोखले. गोखले अठरा वर्षांचे, अण्णा सव्वीसचे. एकाच वर्षीची डिग्री आणि मध्ये आठ वर्षांचं अंतर. अण्णांना त्याचं काही वाटलं असेल का, मला माहीत नाही. पण १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणिताला प्राध्यापक हवा होता, तेव्हा अण्णांना बोलावलं ते याच गोखल्यांनी. आठ वर्षांनी लहान माणसाच्या बोलावण्यावर अण्णा पुण्याला गेले आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले.

त्याच १८९१ मध्ये पहिली पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ साली अण्णांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. मुरूडने या जोडप्यावर बहिष्कार टाकला. पुढचं आपण शाळेच्या पुस्तकात वाचलंय: १८९६ चा विधवांचा आश्रम, हिंगण्याची झोपडी, कॉलेज सुटल्यावर चिखल तुडवत रोज तिथे जाणं, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ चं भारतरत्न, १९६२ साली १०४ व्या वर्षी मृत्यू. ते सगळं इथे परत सांगत नाही.

सांगायचंय ते त्या आश्रमात कोण शिकायला यायचं ते. ज्यांचं शिक्षण मध्येच तुटलं किंवा सुरूच झालं नाही, अशा बाया. गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले त्यांपैकीच. विधवा, पदरी मुलगा, वय सव्वीसच्या आसपास, म्हणजे अण्णा बी.ए. झाले त्या वयात पार्वतीबाई शिकायला बसल्या. नंतर त्या आश्रमाचं काम करू लागल्या, निधी गोळा करत गावोगाव फिरल्या. आणि १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, इंग्रजी शिकायला म्हणून बोटीने अमेरिकेला गेल्या. तिथे घरकाम करून पोट भरलं.