रोग्याच्या खाटेजवळचा गुरू : विल्यम ऑस्लर

विल्यम ऑस्लर हे नाव आपल्या कलाशाखेत फारसे कुणाला ठाऊक नसेल. कॅनडातील बाँड हेड या खेड्यात १२ जुलै १८४९ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक. मुलानेही तोच मार्ग धरायचे ठरले होते, पण त्याचे मन सूक्ष्मदर्शकात रमले. १८७२ साली ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि लवकरच तेथे प्राध्यापकही. त्या काळात त्यांनी स्वतःच्या हाताने शेकडो शवविच्छेदने केली.

१८८९ साली ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले. विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून रोग्याच्या खाटेजवळ नेले, हे त्यांचे थोर कार्य मानतात. १८९२ चा त्यांचा वैद्यकावरील ग्रंथही गाजला. मला मात्र त्यांचे दुसरेच एक काम मोलाचे वाटते, आणि त्याला कारण माझी मावशी.

मावशी दोन वर्षे पोट धरून बसायची. कुणी पित्त म्हणे, कुणी जंत. गालांवरची लाली उन्हाची समजून सोडून दिली. अखेर धंतोलीतल्या एका डॉक्टरांनी लाली, सांधेदुखी आणि पोटातली कळ एकत्र मांडली, रक्त तपासले, तेव्हा ल्युपस निघाला. फाइल सगळी इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. तिला सांगता यावे म्हणून पुस्तके चाळली, त्यांत ऑस्लर भेटले.

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. पूर्वी हा कातडीचाच रोग समजत. तो शरीरभर पसरू शकतो, हे १८७२ साली व्हिएन्नाच्या कापोसींनी दाखवले. ऑस्लरांनी १८९५ ते १९०४ या काळात लेख लिहून चट्टे उठणाऱ्या रोग्यांच्या आतल्या अवयवांची हकीकत मांडली. पोटात कळ येते, उलट्या होतात, शौचावाटे रक्त जाते. पुढच्या खेपेला अंगावर चट्टा नसतानाही पोट दुखू शकते. अशा रोग्याचे पोट घाईने चिरू नका, असा इशारा त्यांनी १९०४ साली शल्यचिकित्सकांना दिला. त्यांच्या बहुतेक रोग्यांना आजच्या अर्थाने ल्युपस नव्हता, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे. असेना! कातडी आणि आतडी यांचा संबंध त्यांनी जोडून दाखवला, हे काय थोडे झाले?

आज आपल्याला कळते की या रोगात शरीराची संरक्षक शक्ती शरीरावरच उलटते. आतड्याच्या रक्तवाहिन्या सुजल्या की रक्तपुरवठा तुटतो. वेळीच ओळखले तर स्टेरॉइडने भागते. आतडे सडले किंवा फुटले तर मात्र शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही. काही वेळा पोटदुखी औषधांचीच असते. म्हणून तर निदान इतके अवघड.

१९०५ साली ऑस्लर ऑक्सफर्डला गेले. १९१७ साली त्यांचा तरुण मुलगा रेव्हिअर महायुद्धात पडला. त्या घावातून ते सावरले नाहीत. २९ डिसेंबर १९१९ रोजी फुफ्फुसाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. आपला मोठा ग्रंथसंग्रह त्यांनी मॅकगिलला दिला, आणि त्यांच्या अस्थीही तेथे त्या ग्रंथांच्याच सहवासात आहेत.