माणसे आली, शिकवणार कोण?

नाशिकजवळचे देवळाली आपल्याला माहीत असते ते तोफखान्यामुळे आणि तिथल्या हवेमुळे. पण हिंदुस्थानातले पहिले स्टाफ कॉलेज, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना युद्धाची आखणी शिकवणारी शाळा, १९०५ साली इथेच सुरू झाले. दोन वर्षांनी ते क्वेट्ट्याला हलले. ते सुरू करणारा सरसेनापती होता लॉर्ड किचनर. पुढे त्याच्याच आखणीची सत्त्वपरीक्षा व्हायची होती.

हर्बर्ट किचनरचा जन्म २४ जून १८५० रोजी आयर्लंडमध्ये झाला. १८९८ मध्ये सुदानात ओम्दुर्मानची लढाई जिंकून त्याने नाव कमावले. पुढे बोअर युद्धात बायकामुलांना छावण्यांत कोंडले. तिथे हजारो जीव गेले. तो डाग कधीच पुसला गेला नाही. हिंदुस्थानात त्याचे व्हाइसरॉय कर्झनशी बिनसले, आणि पायउतार व्हावे लागले ते कर्झनला.

५ ऑगस्ट १९१४ रोजी किचनर ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. नाताळपर्यंत सारे आटोपेल, असे पुष्कळांना वाटत होते. युद्ध निदान तीन वर्षे चालेल आणि लाखो सैनिक लागतील, हा अंदाज त्याचा. तो अचूक ठरला. ७ ऑगस्टला त्याने एक लाख स्वयंसेवक मागितले. ३ सप्टेंबरला एकाच दिवशी तेहतीस हजारांहून अधिक तरुण भरती झाले. वर्षअखेर आकडा अकरा लाखांच्या पुढे गेला.

पैशाची तरतूदही झाली होती. पार्लमेंटने ६ ऑगस्टलाच दहा कोटी पौंड मंजूर केले होते. पण पैसे मोजून अनुभवी हवालदार बाजारात मिळत नाही. तो घडायला वर्षे लागतात, आणि घडलेले बहुतेक फ्रान्सच्या वाटेवर होते. मग रजेवर मायदेशी आलेले हिंदी सैन्याचे पाचशे अधिकारी किचनरने थांबवून घेतले. पेन्शनीत निघालेले म्हातारे परत बोलावले. खाकी कापड पुरेना, म्हणून निळे गणवेश शिवले. पोरे लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन कवायत करू लागली. गर्दी आवरेना तेव्हा ११ सप्टेंबरला उंचीची अट पाच फूट सहा इंचांवर नेली. ओघ आटताच ती पुन्हा उतरवावी लागली. गावोगावची टेरिटोरियल फौज भरती आणि शिक्षणाला हाताशी होती, पण तिच्यावर त्याचा भरवसा नव्हता. नवी फौज त्याने वेगळीच उभारली.

५ जून १९१६ रोजी ऑर्कने बेटांजवळ हॅम्पशायर ही युद्धनौका सुरुंगावर आदळून बुडाली. तीत किचनर गेला. २६ दिवसांनी सोमच्या लढाईत त्याने जमवलेली पोरे पुढे सरसावली. पहिल्याच दिवशी ब्रिटिश फौजेतले सत्तावन्न हजारांवर जायबंदी वा ठार झाले. मेलेले एकोणीस हजारांवर होते. हा सारा दोष अपुऱ्या शिक्षणाचा नव्हे. तरी तोही त्यात होताच.

लग्नघरी पाने किती वाढायची, हे जाणता माणूस बरोबर सांगतो. पण आचारी किती लागतील, भांडी कुठून आणायची, हे आधी ठरले नाही, तर पाहुणे ताटकळतात. रणांगणावर मात्र चूक ताटकळण्यावर भागत नाही.